पहिल्या नोकरीचे पगार खाते ठेवावे की बंद करावे?

प्रश्नकर्ता :
मी हिंजवडीत नोकरी करतो. ही दुसरी नोकरी असल्याने माझी तीन बचत खाती झाली आहेत : महाविद्यालयात असताना सदाशिव पेठेतील एका सहकारी बँकेत उघडलेले, पहिल्या कंपनीने उघडून दिलेले पगार खाते आणि सध्याचे पगार खाते. जुन्या पगार खात्यात थोडी रक्कम आहे आणि एका म्युच्युअल फंडाची एसआयपी अजून त्यातूनच जाते. तिन्ही खाती राहू दिल्यास काही नुकसान आहे का?

कोथरूडकर :
नुकसान आहे, पण ते उशिरा लक्षात येते. पगार खात्याला किमान शिलकीची अट नसते ती पगार जमा होत असेपर्यंतच. काही महिने, बहुतेक बँकांत तीन महिने, पगार आला नाही की ते साधे बचत खाते होते आणि शिल्लक कमी असल्यास अनेक बँका दंड लावतात. या दंडामुळे खाते उणे होता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही असलेली रक्कम झिजत जाते आणि मग एसआयपीच्या दिवशी पैसे अपुरे पडले की हप्ता परत गेल्याचे शुल्क वेगळे भरावे लागते.

म्हणून आधी एसआयपीचे मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापून घेण्याची बँकेला दिलेली परवानगी) नव्या खात्यावर नोंदवून एक हप्ता तेथून प्रत्यक्ष गेल्याची खात्री करावी, आयकर परतावा आणि पीएफ यांसाठी दिलेला खाते क्रमांक बदलावा, जुने खातेउतारे उतरवून घ्यावेत आणि त्यानंतरच खाते बंद करण्याचा अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. मोबाइलमधून अॅप काढले की खाते बंद झाले असे मानणारे सुशिक्षित लोकही कमी नाहीत! दोन वर्षांहून अधिक काळ आपण व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठी नव्याने केवायसी करावी लागते.

प्रश्नकर्ता :
मग सहकारी बँकेचे खातेही बंद करावे का? रुपी बँकेचे उदाहरण देऊन घरचे तसा आग्रह धरत आहेत.

सातारा रोड :
रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला, त्यामुळे पुण्यात ही भीती स्वाभाविक आहे. तथापि सहकारी बँकेतील ठेवींनाही इतर बँकांप्रमाणेच ठेव विमा असतो : एका बँकेच्या सर्व शाखांतील आपल्या ठेवी मिळून, व्याजासह, पाच लाख रुपयांपर्यंत. पतसंस्थेला मात्र हे संरक्षण नाही, तेव्हा आपली संस्था बँकच आहे ना, हे आधी पाहावे. बँक असल्यास खाते ठेवावे, यूपीआय त्यालाच जोडावे आणि महिन्याच्या किरकोळ खर्चापुरतीच रक्कम तेथे वळवावी. फसवणूक झालीच तर पगाराच्या खात्याला थेट धक्का लागणार नाही.

कोथरूडकर :
सहमत आहे. मात्र महाविद्यालयात असताना दिलेला मोबाइल क्रमांक आणि पत्ता त्या खात्यावर अजून तसाच असेल, तर शाखेत जाऊन तो आधी बदलून घ्यावा आणि त्याच फेरीत नामनिर्देशनही तपासावे.