सुटताना बॅटरी, शेवटी व्ही-८? प्लेड आणि डीमन १७० चे आकडे तर उलटंच सांगतात

टायमस्लिप

इलेक्ट्रिक गाड्या आणि अमेरिकन मसल कार यांच्या पिकअपचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: सुटताना इलेक्ट्रिक पुढे, पण वेग वाढला की व्ही-८ (आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन) तिला गाठतो. हे वाक्य आता मोडीत काढायला हवं असं माझं मत आहे. त्यासाठी दोन्हीकडचे तगडे गडी घेऊ.

टेस्ला मॉडेल एस प्लेड (२०२१): तीन मोटर, १,०२० एचपी, वजन साधारण २,१६० किलो. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ० ते ताशी ६० मैल १.९९ सेकंद, क्वार्टर माईल (पाव मैल, सुमारे ४०० मीटर) ९.२३ सेकंद, शेवटच्या रेषेवर वेग ताशी १५५ मैल.

डॉज चॅलेंजर एसआरटी डीमन १७० (२०२३): ६.२ लिटर सुपरचार्ज्ड (इंजिनच्याच जोरावर फिरणाऱ्या पंपाने जादा हवा कोंबणारं) हेमी व्ही-८ इंजिन, ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलच्या) इंधनावर १,०२५ एचपी, वजन साधारण १,९४० किलो. ० ते ६० मैल १.६६ सेकंद, क्वार्टर माईल ८.९१ सेकंद, शेवटी १५१.१७ मैल.

आता वजाबाकी करा. पूर्ण क्वार्टर माईलला डीमन ०.३२ सेकंदांनी पुढे. आणि नुसत्या ६० मैलांपर्यंत? ०.३३ सेकंदांनी. म्हणजे सगळी आघाडी पेट्रोल गाडीने पहिल्या दोन सेकंदांत मिळवली, पुढे ती जेमतेम टिकवली, आणि रेषेवर जास्त वेगात होती ती टेस्ला. रेष आणखी पुढे असती तर हे अंतर कमी होत गेलं असतं.

माझं म्हणणं असं की इंजिन विरुद्ध मोटर ही लढत संपलेली आहे आणि ती मोटरने जिंकली. डीमनची जीत टायरची आणि चिकट ट्रॅकची आहे.

हेमीवाला

आकडे बरोबर, निष्कर्ष अमान्य. पहिली हरकत: हे दोन्ही कंपन्यांचे आपापले सर्वोत्तम आकडे आहेत, वेगळा दिवस, वेगळी हवा. शतांश सेकंदाची वजाबाकी त्यावर पेलत नाही.

दुसरी हरकत मोठी आहे. "टायरची जीत" म्हणून तुम्ही ज्याला बाजूला सारताय, तेच ड्रॅग रेसिंगचं (सरळ रेषेतल्या पाव मैलाच्या शर्यतीचं) खरं काम आहे. हजार एचपी फक्त मागच्या दोन चाकांवरून जमिनीत उतरवणं सोपं नाही. डीमनमध्ये ते कसं होतं ते बघा.

आधी बर्नआउट, म्हणजे टायर जागेवर फिरवून तापवणं. लाइन लॉकने पुढचे ब्रेक धरून ठेवायचे. टायर पाण्यात भिजवून, गाडी पाण्याच्या बाहेर काढून मग फिरवायचे. पाण्यातच फिरवत राहिलं तर ओलं रबर घेऊनच रेषेवर जाता. धूर दिसू लागला, रबर चिकट झालं की थांबायचं, उगाच धुराचे लोट काढत बसायचं नाही. मग स्टेजिंग, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर गाडी लावणं, आणि ट्रान्सब्रेक. यात गिअरबॉक्स आतूनच अडकवला जातो, त्यामुळे इंजिनचा जोर कन्व्हर्टरवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या तेलाच्या दुव्यावर) साठतो आणि ब्रेक पॅडवर भार येत नाही. नुसत्या पायातल्या ब्रेकने एका मर्यादेपलीकडे मागची चाकं धरून ठेवता येत नाहीत, ती ब्रेक दाबलेला असतानाच घसरू लागतात. 

आरपीएम जास्त ठेवले तर चाकं फिरत राहतात आणि पहिल्या ६० फुटांतच दोन-तीन दशांश सेकंद जातात. कमी ठेवले तर गाडी गुदमरते. हवेचा दाबही तसाच: रस्त्यावर ३०-३२ पीएसआय, स्ट्रिपवर (ड्रॅग शर्यतीच्या ट्रॅकवर) ड्रॅग रेडियलमध्ये (मऊ रबराच्या शर्यतीच्या टायरमध्ये) २० च्या आसपास. फारच उतरवला तर १५० मैलांच्या वेगाला गाडीचा मागचा भाग डोलायला लागतो.

या सगळ्यातून २ जी (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट) पेक्षा जास्त त्वरण काढणारी, शोरूममधून विकलेली मागच्या चाकांची गाडी ही अभियांत्रिकीची जीतच आहे.

इन्व्हर्टर

हेमीवाला, लाँचचं वर्णन उत्तम. पण त्यातली प्रत्येक पायरी एकाच अडचणीवरचा उपाय आहे: फक्त दोन चाकं जोर लावतायत. चिकट थर नसलेल्या साध्या डांबरावर काय होईल ते गणिताने बघू.

मागच्या चाकांची गाडी घसरण्याआधी किती त्वरण देऊ शकते, ते तीन गोष्टींवर ठरतं: मागे किती वजन आहे, गुरुत्वमध्य किती उंच आहे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) किती आहे. चॅलेंजरचा व्हीलबेस २.९५ मीटर. मागे ४५ टक्के वजन धरा, गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटीमीटर धरा. चांगल्या रस्त्यावरच्या टायरचा घर्षणगुणांक १.१ धरला, तर वजन मागे सरकल्याचा फायदा मोजूनही उत्तर ०.६२ जी येतं. म्हणजे ६० मैलांना जवळपास साडेचार सेकंद. इंजिन १,०२५ एचपीचं असो वा ६०० चं, सुरुवातीला काहीच फरक नाही.

त्याच टायरवर चारही चाकांची गाडी १.१ जी देते. अडीच सेकंद, रोलआउट (घड्याळ सुरू होण्याआधीचा पहिला फूट) वजा केला की सव्वादोन.

ट्रॅकवर चिकट रसायन फवारून, त्यावर रबर घासून बसवलं आणि ड्रॅग रेडियल लावले की तोच घर्षणगुणांक २ च्या वर जातो. तेव्हा गाडीचं नाक उचललं जातं, जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकांवर येतं आणि पुढच्या चाकांना करण्यासारखं काही उरत नाही. तिथे दोन चाकं पुरतात. पण अशी जमीन फक्त स्ट्रिपवरच असते.

मोटरचा दुसरा फायदा ताब्याचा. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी पुरवणारा भाग) टॉर्क काही मिलिसेकंदांत कमी-जास्त करतो. चाक जरासं जास्त फिरलं की लगेच आवरतो, पुन्हा सोडतो. पेट्रोलमध्ये तेच काम स्पार्क मागे खेचून, थ्रॉटल मिटवून करावं लागतं, आणि मधे सुपरचार्जर, कन्व्हर्टर, लांब शाफ्ट असे सगळे जडशीळ भाग आहेत.

हेमीवाला

साध्या डांबरावर चारचाकी ओढ जिंकते हे मान्य. पण मग ते श्रेय चार चाकांचं, बॅटरीचं नव्हे. आणि प्लेडचा १.९९ हा आकडासुद्धा चिकट ट्रॅकवरचाच आहे ना? मासिकांच्या चाचणीतही तो दोनच्या खाली आला तो चिकट थर असलेल्या जागी. शिवाय दोन्ही आकड्यांत पहिला एक फूट मोजलेलाच नाही.

टायमस्लिप

हो, आणि हे नव्या वाचकांसाठी सांगायला हवं. ड्रॅग स्ट्रिपवर पुढचं चाक किरणाच्या रेषेतून बाहेर पडल्यावर घड्याळ सुरू होतं. तोवर गाडी साधारण एक फूट, म्हणजे ३०.५ सेंटीमीटर सरकलेली असते. १ जी त्वरणाने त्यात पाव सेकंद जातो आणि वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास पोचलेला असतो. म्हणून "शून्य ते साठ" यातलं शून्य हे खरं शून्य नाही. दोन सेकंदांच्या आकड्यात पाव सेकंद म्हणजे आठवा हिस्सा. एका गाडीचा रोलआउटसह आणि दुसरीचा रोलआउटशिवायचा आकडा शेजारी ठेवून वाद घालणं निरर्थक आहे.

डेट्रॉइटकर

शेवटच्या वेगाच्या मुद्द्यावर कुणी पुरेसं बोललं नाही. किलोमागे ताकद डीमनची जास्त: टनाला ५२८ एचपी, प्लेडची ४७२. तरी रेषेवर प्लेड चार मैलांनी वेगवान. असं का?

कारण १,०२५ एचपी हे इंजिन एका ठरावीक आरपीएमलाच देतं. प्रत्येक गिअर बदलला की आरपीएम खाली येतात, मग ताकद पुन्हा चढत जाते, म्हणजे सरासरी नेहमी कमीच. त्यात कन्व्हर्टर, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आपापला वाटा खातात. प्लेडच्या मोटरचे रोटर कार्बनच्या वेष्टणात घट्ट आवळलेले आहेत, त्यामुळे ते २०,००० आरपीएमपर्यंत फिरले तरी फाटत नाहीत आणि ताकद वेगासोबत ढासळत नाही. जुन्या इलेक्ट्रिक गाड्या १०० मैलांनंतर ढेपाळायच्या, आणि "शेवट पेट्रोलचा" हे वाक्य तिथूनच आलेलं आहे. पोर्शने टायकानमध्ये त्याच कारणासाठी मागच्या मोटरला दोन गिअर दिले.

हवेचा अडथळाही मोजा. मॉडेल एसचा गुणांक ०.२०८ सांगतात, चॅलेंजर चौकोनी पेटारा आहे. १५० मैलांना गुणांकात ०.१ चा फरक म्हणजे सुमारे ४३ किलोवॅट, जवळपास ५८ एचपी निव्वळ हवा कापण्यात.

आता इलेक्ट्रिकची दुखरी बाजू. एका रनमध्ये ऊर्जा फार जात नाही: चालकासह सव्वादोन टनांची गाडी १५५ मैलांवर नेली की गतिज ऊर्जा भरते ती फक्त दीड युनिट. प्रश्न आहे ते नऊ सेकंदांत बाहेर काढण्याचा. सरासरी जवळपास ५९० किलोवॅट. सेल थंड असतील तर अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज कोसळतं आणि सॉफ्टवेअर ताकद कापतं. म्हणून प्लेडमध्ये ड्रॅग स्ट्रिप मोड लावून बॅटरी आधी तापवावी लागते, त्यात दहा-पंधरा मिनिटं जाऊ शकतात. चार्ज उतरला तरी तेच. भरलेल्या बॅटरीवरचा आकडा निम्म्या बॅटरीवर मिळत नाही.

टेस्लाने २०१५ साली लुडिक्रस मोड आणला, तेव्हा मोटर बदलली नव्हती. फ्यूज बदलला, कॉन्टॅक्टर (मोठ्या प्रवाहाचा स्विच) इन्कोनेल या उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचा केला आणि बॅटरीतून १,३०० ऐवजी १,५०० अँपिअर घेतले. ताकदीची खरी मर्यादा कुठे असते ते यावरून दिसतं.

हेमीवाला

डेट्रॉइटकर, हे पटलं. पण तोच मुद्दा पुढे न्या: ती मर्यादा मालकाला हलवता येत नाही. हेमीचा बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) वाढवायचा असेल तर सुपरचार्जरची पुली (पट्ट्याची चकती) लहान करा, त्याला साजेसे इंजेक्टर आणि पंप लावा, ट्यून करा. मसल कारची सगळी संस्कृती यावर उभी आहे.

इन्व्हर्टर

आणि काय बिघडतं तेही सांगा. पुली लहान केली की पट्ट्याची पकड कमी होते, तो घसरतो, बूस्ट वर जाऊन मधेच पडतो. हवा जास्त तापते. ई८५ ला हवा-इंधनाचं प्रमाण ९.८ ला १ लागतं, पेट्रोलला १४.७ ला १. म्हणजे त्याच हवेसाठी वजनाने दीडपट इंधन. इंजेक्टर अपुरे पडले की मिश्रण पातळ होतं, नॉक (इंधनाचा अवेळी भडका) सुरू होतो आणि पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटते. तो खर्च इंजिन उघडण्याचा आहे.

घाटमाथा

तुम्ही सगळे समुद्रसपाटीवर बोलताय. अमेरिकेत डेन्व्हरजवळ बॅंडिमिअर स्पीडवे ही स्ट्रिप होती, २०२३ पर्यंत चालली. उंची ५,८०० फूट. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८४ टक्के. सुपरचार्जर पट्ट्याने ठरावीक गुणोत्तरात फिरतो, आत येणारी हवाच विरळ असेल तर तो तिलाच गुणून पुढे ढकलतो, तूट भरून काढत नाही. टर्बो थोडी भरून काढतो. मोटरला हवा लागतच नाही, उलट अडथळा कमी झाल्याचा फायदा.

आपल्याकडे लोणावळ्यापलीकडे अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनच्या शर्यती होतात. साधारण ७०० मीटर उंची धरली तर घनता ६-७ टक्क्यांनी कमी. दुपारी ३५ अंश असेल तर १५ अंशांच्या तुलनेत आणखी ६-७ टक्के. डीमनसारख्या गाडीचे सव्वाशेहून जास्त एचपी गाडी सुटायच्या आधीच गेले. त्यात ई८५ नसेल तर आणखी उतरेल. अमेरिकेतल्या ई१० (१० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवरच ती १,०२५ वरून ९०० वर येते.

डेट्रॉइटकर

उंचीचा मुद्दा निर्णायक आहे. दोन जोड: रिमाक नेव्हेराने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फामोसो स्ट्रिपवर रस्त्याच्या टायरवर ८.५८ सेकंद काढले, शेवटचा वेग १६७.५१ मैल. ड्रॅग रेडियलशिवाय. किंमत वेगळ्या जगातली आहे, तरी मर्यादा कुठे सरकलीय ते कळतं. आणि शेव्हरोलेने कॉर्व्हेट झेडआर१एक्समध्ये व्ही-८ ठेवूनही पुढच्या चाकांना १८६ एचपीची मोटर दिली. पेट्रोलवाल्यांनाही उत्तर तिथेच सापडलं.

हेमीवाला

झेडआर१एक्स माझ्या बाजूने मोजा. व्ही-८ काढला नाही, मोटर मदतीला घेतली. चॅलेंजरचं उत्पादन २०२३ च्या शेवटी ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात थांबलं. डॉजने त्याच्या जागी इलेक्ट्रिक चार्जर डेटोना आणली, ६७० एचपीची स्कॅट पॅक, ० ते ६० मैल ३.३ सेकंद. आकड्यांत ती डीमनच्या जवळपासही नाही. नुसती बॅटरी घातली म्हणून पिकअप येत नाही. वजन आटोक्यात ठेवणं आणि टायर यांचं काम कुणीतरी करावंच लागतं, आणि डीमनमध्ये ते झालं होतं.

टायमस्लिप

डेटोनाबद्दल सहमत, ती फार जड आहे. कॉर्व्हेटबद्दल नाही. पुढची मोटर काढून टाका, ती गाडी साध्या डांबरावर इन्व्हर्टरच्याच गणितात अडकेल.

कुणाला स्वतः मोजायचं असेल तर मोबाईलच्या जीपीएसवर जाऊ नका. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच जागा नोंदवतात, दोन सेकंदांची गोष्ट त्यात सापडत नाही. सेकंदाला किमान १० नोंदी करणारी वेगळी डबी घ्या, रोलआउट चालू आहे की बंद ते लिहून ठेवा, आणि दोन्ही दिशांना पळवा. एक टक्का उतार मानवी डोळ्याला कळत नाही, पण वेळ बदलतो. स्ट्रिपची वेळा छापलेली चिठ्ठी मिळाली तर आधी ६० फुटांची वेळ वाचा, मग शेवटचा वेग. पहिली टायर आणि जमीन सांगते, दुसरा ताकद.

घाटमाथा

अॅम्बी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर एकाच दिवशी, दोन्ही गाड्यांना एकाच जातीचे रस्त्याचे टायर लावून पळवल्या, तर माझा कौल प्लेडला, आणि तोही पहिल्या ६० फुटांतच.

हेमीवाला

एकाच जातीचे टायर का? डीमन कारखान्यातूनच ३१५ रुंदीच्या ड्रॅग रेडियलवर यायची. ते काढून तुलना करणं म्हणजे प्लेडची पुढची मोटर बंद करून तिला पळवणं. ज्याची त्याची गाडी जशी विकली तशी आणा, बॅटरी पूर्ण भरून आणि टाकीत ई८५ घालून. मग चिठ्ठ्या शेजारी ठेवू.