तेल-तूप कमी केलं, तरी पोराच्या यकृतावर चरबी कशी?

मंगळवारपेठेतली_आई
मुलगा सहा वर्षांचा. उंची ११८ सेंटिमीटर, वजन २८ किलो. दोन महिन्यांपूर्वी अंघोळ घालताना मानेमागं काळा पट्टा दिसला. मळ समजून डाळीचं पीठ-दही लावून घासत राहिले. कातडी लाल झाली, पोर रडलं, पट्टा तसाच. डॉक्टर म्हणाले, हा मळ नव्हे. रक्तात एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं निघालं, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. तेव्हापासून भजी-वडे बंद, भाजीला तेल चमचाभर. साखरही बंद, चपातीला गूळ नाहीतर काकवी. संध्याकाळी आजोबा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं दूध प्यायला नेतात, तेवढंच. मग चरबी येते कुठनं? त्या मानेकडं बघितलं की जीव तुटतो.

शाहूपुरीच्या_आक्का
बाळसं आहे गं ते. उंची सुटली की उतरतं. आमचा धाकटा तालमीत जायला लागला आणि सडसडीत झाला.

बायोकेमिस्ट्रीच्या_बाई
आक्का, तालमीचं पटलं. पण मान काळी पडली आणि एसजीपीटी वाढलं, त्याला बाळसं म्हणून सोडून देता येत नाही. असा मखमली काळा पट्टा बहुतेकदा रक्तात इन्सुलिन जास्त असल्याची खूण असते. घासून जात नाही, इन्सुलिन उतरलं की हळूहळू फिका होतो.

आई, चुकलीस ती काकवीत. साखर, गूळ, काकवी, यकृताला तिन्ही सारखेच. साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. फ्रुक्टोज बहुतेक यकृतातच जिरवलं जातं. गुऱ्हाळात कायलीत मावणार नाही एवढा रस आला तर काय होईल? यकृत त्या जादा मालाची फॅटी ॲसिडं बनवतं, मुख्यतः पामिटिक. तीन-तीन ग्लिसरॉलला जोडली की ट्रायग्लिसराईड, म्हणजेच चरबी. काही रक्तात जातं, उरलेलं यकृतातच साठतं. म्हणजे तेलाचा थेंब न खाताही चरबी तयार होते. त्यात इन्सुलिन चढलेलं असलं की फॅटी ॲसिडं जाळायला मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या भट्टीत, नेणारं दारच बंद होतं. बनणं चालू, जळणं बंद.

तेल-तूप मात्र पार तोडू नकोस. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन फॅटी ॲसिडं शरीराला बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. जवसाची चटणी दे. उपाशी तर अजिबात ठेवू नकोस, वाढीचं वय आहे. वजन आहे तिथं थांबलं आणि उंची वाढली, तरी बरंच साधतं. किती थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील.

म्हशीच्या दुधात शंभर मिलीला सहा-सात ग्रॅम स्निग्धांश. कट्ट्यावर केवढा पेला असतो, साखर घालतात का? आणि रात्री घोरतो का?

मंगळवारपेठेतली_आई
मोठा पेला, दोन चमचे साखर. आजोबांनी आत्ता सांगितलं. घोरतो, रोज. सर्दी वाटायची. काकवीची बरणी उचलून ठेवली. पण आजोबांना कसं सांगू? त्यांचा तेवढाच विरंगुळा.

बायोकेमिस्ट्रीच्या_बाई
कट्टा बंद करू नकोस. लहान पेला, बिनसाखरेचा, आणि दोघांनी चालत जायचं, चालत यायचं. घोरण्याचं डॉक्टरांना याच आठवड्यात सांग, झोपेत श्वास अडकतो का ते बघायला लागेल. मान घासू नकोस आता, नुसतं खोबरेल लाव.