इंडिगोचं ए350 खरंच येतंय का? मँचेस्टरचं तिकीट आत्ता काढू की थांबू?

इंदिरानगरवाली

नमस्कार मंडळी, विमानातलं मला फारसं कळत नाही म्हणून इथे विचारतेय, हसू नका. मुलगी मँचेस्टरला असते, मे महिन्यात तिचं बाळंतपण आहे, आम्ही दोघं एप्रिलअखेर निघायचं म्हणतोय. तिकीट बघायला बसलो आणि नेमकी तेव्हाच घरच्या ग्रुपवर आमच्या भाऊजींनी पुडी सोडली, की थांबा, इंडिगो नवीन मोठं विमान आणतंय, ए350 की काय, उन्हाळ्यापासून लंडन मँचेस्टर सगळं त्याच्यावरच जाणार आणि भाडी निम्म्यावर येणार. एवढ्यावर थांबले नाहीत, कुंभमेळ्याला तेच विमान थेट आपल्या नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरणार, नवीन धावपट्टी त्याच्यासाठीच बांधतायत असंही सांगितलं. फोटो पण टाकलाय, निळ्या शेपटीचं भलंमोठं विमान, प्रत्येक पंखाखाली दोन दोन इंजिनं, मागे डोंगर, बघून आमचे हे एकदम खूश. ह्यांच्या गुडघ्याचा त्रास आहे, रात्री गाडी करून कसारा उतरून मुंबई गाठायची म्हटलं की आधीच तोंड वाकडं, त्यामुळे ओझर ऐकल्यापासून हे म्हणतात थांबूया. मला मात्र खरं वाटत नाही. कोणी नीट सांगेल का?

खिडकीची_सीट

मावशी थांबू नका, तिकीट काढा. आता सविस्तर सांगतो कारण ह्या विषयावर मला कोणी विचारत नाही आणि बायको ऐकत नाही.

पहिलं म्हणजे तुम्ही स्वतःच लिहिलंय की प्रत्येक पंखाखाली दोन दोन इंजिनं, म्हणजे एकूण चार. ए350 ला दोनच असतात, रोल्स रॉइसची ट्रेंट एक्सडब्ल्यूबी. त्यामुळे फोटो ए350 चा नाहीच, दुसऱ्याच कुठल्यातरी विमानाला कोणीतरी बसल्या बसल्या निळा रंग फासलाय. खरं ए350 ओळखायचं तर कॉकपिटच्या काचा बघा, भोवती काळा पट्टा असतो, गॉगल घातल्यासारखा, आणि पंखांची टोकं वर वळलेली.

आता बातमीचं. बातमी पूर्ण खोटी नाही, म्हणूनच पसरते. इंडिगोने एप्रिल 2024 मध्ये 30 ए350-900 ची ऑर्डर दिली, वर आणखी 70 घ्यायचा हक्क राखून ठेवला, त्यातली 30 गेल्या वर्षी 2025 मध्ये पक्की केली, म्हणजे आता 60. पण डिलिव्हरी 2027 पासून, असं कंपनीनेच सांगितलंय. तुमचं बाळंतपण काय तोवर थांबणार नाही. आणि 2027 म्हणजे सुद्धा पहिलं विमान एअरबसच्या फ्रान्समधल्या तुलूझच्या कारखान्यातून निघालं की लगेच प्रवासी बसले असं होत नाही, डीजीसीएची (विमानवाहतुकीचं सरकारी खातं) मंजुरी, पायलटांचं ट्रेनिंग, क्रूचं ट्रेनिंग, आणि बऱ्याच कंपन्या नवीन मोठं विमान आलं की आधी जवळच्या रूटवर फिरवून घेतात.

मुंबई मँचेस्टर 1 जुलै 2025 ला सुरू झालं ते बोइंग 787-9 वर, नॉर्स अटलांटिक ह्या नॉर्वेच्या विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेलं. दुसऱ्या दिवशी ॲमस्टरडॅम. तेही लांब पल्ल्याचंच विमान आहे, तुम्हाला आरामाला काही कमी पडणार नाही, फक्त भाऊजींनी सांगितलेलं ते नव्हे.

जानोरी_फाटा

ओझरचं मी सांगतो, एचएएलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी विमानकारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त.

ताई, भाऊजींनी दोन खऱ्या गोष्टींचं लग्न लावलंय. सिंहस्थाची मोठी स्नानं ऑगस्ट सप्टेंबर 2027 ला, आणि ए350 पण 2027 ला. झालं, जमलं लग्न, वऱ्हाड निघालं. पण ओझरची धावपट्टी मुळात विमानकारखान्याची आहे, 1964 ला कारखाना झाला, इथे आधी मिग बनायची, मग सुखोई, आणि 17 ऑक्टोबर 2025 ला इथे बनलेलं पहिलं तेजस मार्क वन ए उडालं. एकाच पट्टीवर फायटरची टेस्ट फ्लाइट पण आणि इंडिगोचं प्रवासी विमान पण, म्हणून दुसरी पट्टी हवी आहे, कुंभाच्या गर्दीचा उपयोग त्यात झाला इतकंच.

लोकांना वाटतं लांबी असली की झालं. लांबी आहे ना, 3 किलोमीटर, कमी नाही. पण ए350-900 भरून निघालं की वजन 280 टनाच्या आसपास. तुमचं दिल्ली हैदराबादला जाणारं ए320निओ 79 टन. सुखोई तर 38-39. एवढं वजन डांबर सहन करेल का हा पहिला प्रश्न, मग पंखांचा पसारा जवळपास 65 मीटर, त्याला टॅक्सीवे (धावपट्टीपर्यंतचा रस्ता) आणि उभं राहायची जागा त्या मापाची लागते. अग्निशमनाची कॅटेगरी आहे, विमानाच्या लांबीवर ठरते, ए320 ला सहा चालते, ह्याला नऊ लागते, म्हणजे जास्त बंब, जास्त पाणी, जास्त माणसं. ते सगळं रोज पगारावर ठेवायचं कशासाठी? तीनशे माणसं एका वेळेला उतरली तर इमिग्रेशनला किती खिडक्या लागतील, आपल्या त्या टर्मिनलमध्ये बेल्टपाशी आत्ताच एक फ्लाइट आली की ट्रॉल्या एकमेकांवर आपटतात. बाकी कार्गोचं वेगळं, ओझरहून शेळ्या-मेंढ्या शारजाला गेल्यात, तेव्हा कोणी म्हणालं नाही की आता दुबई आपल्या दारात.

कॉलेजरोड_तिकीटवाला

धंद्याचं बोलतो. नवीन विमान आलं की भाडं निम्मं होतं हे डोक्यातून काढा. उन्हाळ्यात यूकेला जाणारी निम्मी गर्दी अशीच असते, आजी आजोबा, व्हिसा हातात पडला की सगळे एकाच आठवड्यात तिकीट मागायला येतात. सीट तेवढ्याच, मागणी वाढली की भाडं चढतं, विमान कुठलं का असेना.

एक मात्र बघा, थेट फ्लाइट नव्या रूटवर असली की कंपनी आठवड्यातले दिवस कमीजास्त करते, त्यामुळे तारीख बदलता येईल असं भाडं घ्या, थोडं महाग पडलं तरी. आणि काकांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच टाका. ऐनवेळी काउंटरला मागितली तर मिळते, पण वाट बघत बसावं लागतं. गल्फमार्गे स्वस्त दिसेल, पण गुडघे दुखणाऱ्याला मध्यरात्री दुबई दोह्याला गेट बदलायला लावण्यात काही अर्थ नाही, असं माझं मत, माझं कमिशन त्यात जास्त असलं तरी.

सिडको_संशयी

एअर इंडियाकडे ए350 डिसेंबर 2023 पासून आहे की राव. इथे सगळे असे बोलतायत जणू भारतात कोणी बघितलंच नाही. 28 बिझनेस, 24 प्रीमियम इकॉनॉमी, 264 इकॉनॉमी, एकूण 316. मजा म्हणजे ती मूळची रशियाच्या एअरोफ्लोतसाठी बांधलेली होती, युक्रेन युद्धानंतर निर्बंध आले, तिकडे देता येईनात, मग टाटांनी उचलली. म्हणून इतक्या लवकर मिळाली, नाहीतर रांगेत बसायला लागलं असतं.

आणि ऑर्डर म्हणजे विमान असं धरून चालणाऱ्यांना एकच सांगतो, किंगफिशरने पाच ए380 ची ऑर्डर दिली होती. आलं का एकतरी? एअर इंडियाने 2023 मध्ये 777-9 ची ऑर्डर दिली, मूळ वेळापत्रकात ते विमान 2020 ला यायचं होतं, बोइंग आता 2027 म्हणतंय. बाजारात तुरी.

खिडकीची_सीट

@सिडको_संशयी किंगफिशरशी तुलना करू नका, त्यांच्याकडे पैसेच नव्हते. इंडिगोचं ए320 चं गणित व्यवस्थित चालू आहे, 2023 मध्ये एकदम 500 विमानांची ऑर्डर दिलीय, ए350 येणारच, प्रश्न फक्त कधी आणि कुठून. माझ्या मते उशीर झालाच तर सीटमुळे होईल. विमान तयार असतं आणि बिझनेस क्लासच्या सीटचा पुरवठा अडकलेला असतो, सध्या सगळ्या जगात हेच रडगाणं.

आणि अफवा सगळ्या टाकाऊ नसतात हां. तुलूझला एखादं विमान रंगवलेलं दिसलं, किंवा कंपनीने त्या विमानाचे रेटेड, म्हणजे ते चालवायचा परवाना असलेले पायलट हवेत अशी जाहिरात काढली, किंवा दर महिन्याला एअरबस ऑर्डर आणि डिलिव्हरीचे आकडे टाकतं त्यात नाव वाढलं, तर मी मान डोलावतो. ग्रुपवरच्या फोटोवर नाही.

पाकिस्तानचं आकाश एप्रिल 2025 पासून आपल्या विमानांना बंद आहे, त्यात दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना वळसा पडतो, इंधन जास्त, काही फ्लाइटांना मध्ये थांबायला लागलं. मुंबईहून यूकेला अरबी समुद्रावरून जाता येतं, तेवढा फटका नाही. म्हणून मावशी, कोणी दिल्लीमार्गे स्वस्त म्हणालं तरी मुंबईच धरा.

इंदिरानगरवाली

खूप आभार सगळ्यांचे. ह्यांना जानोरी फाटावाल्या काकांचं उत्तर वाचून दाखवलं, ओझरचं मान्य केलं पण म्हणतात नवी मुंबईला तरी उतरेल ना ते ए350, तिकडे गाडी सोयीची पडेल का? आणि नाशिकहून, आपल्या मुंबई नाक्यावरून कितीला निघावं?

जानोरी_फाटा

नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालं, पण तुमचं तिकीट ज्या विमानतळाचं आहे तिथेच जा, दोन्हीत गफलत करून ऐनवेळी ठाण्याच्या पुढे वळणारी माणसं बघितलीत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून 2025 पासून चालू आहे, कसारा घाटाचा ताप गेला, काकांचे गुडघे वाचतील. गर्दी भिवंडीपासून पुढे. फ्लाइटच्या आठ तास आधी निघा, जास्त वाटलं तरी.

कॉलेजरोड_तिकीटवाला

सहा पुरतात, रात्री निघालात तर.

जानोरी_फाटा

ठाण्यात माजिवड्याला ट्रक उलटला की सहाचे नऊ होतात. आठ.