डोक्याला मार लागलेला पेशंट दुसऱ्याच दिवशी व्हेंटिलेटरवरून काढून घरी न्यावा का?

बालाघाट_भूलतज्ज्ञ

मी भूलतज्ज्ञ. लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात अतिदक्षता विभागात काम करतो. माझं म्हणणं एवढंच की अपघातात डोक्याला जबर मार लागलेला पेशंट पहिल्या तीन दिवसांत व्हेंटिलेटरवरून काढून घरी नेऊ नका.

आपल्याकडे हे सर्रास होतं. मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळते, पोरगा बेशुद्ध होतो, नळी टाकून त्याला मशीनवर घेतात. दुसऱ्या दिवशी गावाकडून जीप भरून माणसं येतात, काचेतून बघतात. पेशंट डोळे उघडत नाही, हात हलवत नाही. कुणीतरी जाणतं माणूस म्हणतं, "यात काही राहिलं नाही, नुसती मशीन चालायलीय." संध्याकाळपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर सही झालेली असते.

तो हलत नाही, कारण आम्हीच त्याला गुंगीचं औषध देऊन ठेवलेलं असतं. घशात नळी असताना जागा माणूस खोकतो, झगडतो, आणि प्रत्येक खोकल्यासरशी डोक्यातला दाब वाढतो. काचेतून दिसतो तो औषधाचा परिणाम. त्यावरून मेंदूचा निकाल लावता येत नाही.

मशीन मेंदू बरा करत नाही, हेही सांगतो. धडकेच्या क्षणी ज्या पेशी गेल्या त्या गेल्या. पण मेंदूला दुसरा मार पुढच्या काही तासांत बसतो आणि तो बराचसा टाळता येतो. शुद्ध किती आहे हे मोजायला ग्लासगो कोमा स्केल आहे, १९७४ पासून वापरात असलेली, ३ ते १५ गुणांची. गुण ८ किंवा त्याखाली गेले की माणसाला स्वतःचा श्वासमार्ग सांभाळता येत नाही. जीभ मागे पडते, उलटी किंवा रक्त फुप्फुसात उतरतं, ऑक्सिजन घसरतो. कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि कवटी काही ताणली जात नाही, त्यामुळे आतला दाब चढतो. मशीनमुळे हे सगळं ताब्यात राहतं: ऑक्सिजन पुरेसा, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, सोबत डोकं ३० अंश वर. सूज उतरेपर्यंत वेळ मिळतो.

२०२१ साली अमेरिकेतल्या मोठ्या ट्रॉमा केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर मार लागलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक वर्षभरानंतर दिवसाचे काही तास तरी स्वतःचं स्वतः बघू शकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे काचेतून बघितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?

गेवराईचा

डॉक्टरसाहेब, तुमच्या शिक्षणाबद्दल आदर आहे, पण तुम्ही काचेच्या आतून बोलायलात. मी बाहेर बसलेला माणूस आहे.

माझ्या धाकट्या भावाचा अपघात सोलापूर-धुळे रोडवर झाला. आधी जवळचा दवाखाना, तिथून छत्रपती संभाजीनगर. मशीन, मग सुजलेल्या मेंदूला जागा व्हावी म्हणून डोक्याचं हाड काढून ठेवायचं ऑपरेशन, मग श्वासासाठी गळ्याला भोक. रस्त्यालगतचं वावर गेलं, आईच्या अंगावरचं सोनं गेलं. भाऊ जिवंत आहे. डोळे उघडे असतात, पण कुणाला ओळखत नाही. आई अन् वहिनी आळीपाळीनं दर दोन तासाला त्याला कुशीवर वळवतात, नाकातल्या नळीतून पातळ करून खायला देतात, गळ्यातला कफ ओढायचं मशीन भाड्यानं आणलंय. लाइट गेली की घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. वहिनीचं वय अजून तिशीचं नाही.

तुम्ही एक अभ्यास सांगितला, मीही एक वाचलाय, कारण रात्र-रात्र जागून मी दुसरं काही केलं नाही. हाड काढायच्या ऑपरेशनवरचा, २०१६ चा, सुमारे ४०० पेशंटचा. ऑपरेशन केलेल्यांतले २६.९ टक्के सहा महिन्यांत गेले, फक्त औषधांवर ठेवलेल्यांतले ४८.९ टक्के. पण भान न येता पडून राहिलेले? ऑपरेशनच्या गटात ८.५ टक्के, दुसऱ्या गटात २.१. माझ्या भावासारखे चौपट. पहिला आकडा मला सहीच्या आधी सांगितला गेला. दुसरा कुणीच सांगितला नाही. तो ऐकून मी काय ठरवलं असतं ते माझं मला ठरवू द्यायचं होतं.

बालाघाट_भूलतज्ज्ञ

दादा, दुसरा आकडा सांगायलाच हवा होता. त्यावर वाद नाही.

पण त्याच अभ्यासातला वर्षानंतरचा आकडाही बघा. निदान घरातल्या घरात स्वतःचं सांभाळणारे ऑपरेशनच्या गटात ४५.४ टक्के, दुसऱ्यात ३२.४. शिवाय तुम्ही सांगताय तो निर्णय वेगळा आहे. हाड काढणं, गळ्याला भोक पाडणं हे पुढचे टप्पे. भोक साधारण आठवड्या-दहा दिवसांनी पाडतात, आणि तिथं घरचे 'नको' म्हणू शकतात. मी बोलतोय ते पहिल्या तीन दिवसांबद्दल. तेव्हा कुणाचा भाऊ उठून बसणार आणि कुणाचा पडून राहणार, हे मलाही कळत नाही, आणि जीपमधून आलेल्या जाणत्यालाही नाही.

पुण्यात_नोकरी

मुळात इथं ठेवायचंच कशाला? आमच्या परभणीच्या आत्याला तिथं डोक्यातला दाब मोजायची सोय नव्हती. असल्या ठिकाणी व्हेंटिलेटर लावून काय उपयोग? थेट पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला न्यावं.

बालाघाट_भूलतज्ज्ञ

डोक्यात घालून दाब मोजायच्या तारेवर २०१२ साली बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ पेशंटचा अभ्यास झाला. आपल्यासारखेच साधनं कमी असलेले दवाखाने. एका गटात तार घालून दाब मोजला, दुसऱ्यात वारंवार तपासणी आणि सीटी स्कॅनवर उपचार केले. निकालात लक्षणीय फरक दिसला नाही. तार नसली तरी डोळ्यात तेल घालून पाहणारा माणूस आणि वेळेवर सीटी असेल तर उपचार होतात. डोक्यात रक्ताची गाठ असेल आणि मेंदूचा सर्जन नसेल तर मात्र हलवावंच लागतं, तेही ताबडतोब.

एकशेआठ_वर_होतो

तुम्ही सगळे दवाखान्याच्या आत भांडताय. खेळ रस्त्यावर बिघडतो.

२०१४ ला १०८ सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ प्रगत, म्हणजे व्हेंटिलेटरवाल्या. बाकीच्या ७०४ साध्या. तालुक्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून पुढं जाताना कोणती गाडी मिळेल हे नशिबावर. धाराशिवचा पेशंट सोलापूरला जातो, देगलूर-बिलोलीकडचा नांदेड सोडून हैदराबादला. खासगी गाडीत कित्येकदा नळी टाकलेल्या पेशंटची ॲम्ब्यू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, नातेवाइकाच्या हातात देतात. तो जिवाच्या भीतीनं भराभर दाबत राहतो. मोठ्या माणसाला मिनिटाला दहा-बारा वेळा पुरे असतं. हा तिप्पट वेगानं दाबतो, कार्बन डायऑक्साइड फार खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सुजलेल्या मेंदूला मिळणारं रक्तच तुटतं. पूर्वी डॉक्टरही मुद्दाम जोरात श्वास द्यायचे. १९९१ ला अभ्यास आला की सरसकट असं केल्यानं पेशंटची अवस्था सहा महिन्यांनी उलट वाईट दिसते. त्यानंतर ती पद्धत मागे पडली, पण आपल्या रस्त्यांवर ती अजून नकळत चालू आहे.

आणि रक्तदाब. मेंदूला मार असताना वरचा दाब ९० च्या खाली जाणं फार महागात पडतं, मृत्यूचा धोका दुपटीच्या आसपास जातो. पोटात रक्त गेलंय, मांडीचं हाड मोडलंय आणि सलाइनची सुई न लावता पेशंट 'लवकर पुढं न्या' म्हणून धाडून दिला, असं मी वारंवार बघितलंय.

माझं मत बालाघाटवाल्या डॉक्टरांच्या थोडं विरोधात आहे. तीन दिवस ठेवा म्हणणं ठीक, पण ज्याचा ऑक्सिजन आणि दाब रस्त्यात दोन तास पडलेला होता त्याला तीन दिवस ठेवून काय हाती लागणार? जोर लावायचा तर ग्रामीण रुग्णालयात नळी टाकता येणारा माणूस चोवीस तास ठेवण्यावर लावा.

सिस्टर_रात्रपाळी

मला दोन्ही बाजूंचा राग येतो.

व्हेंटिलेटर, व्हेंटिलेटर करतात सगळे. कोविडमध्ये मशीनं आली, त्यातल्या सदोष मशीनींचा विषय २०२१ ला औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. चांगली आली तरी ती चालवणार कोण? मशीनवरच्या पेशंटमागं एक सिस्टर असावी, फार तर दोघांमागं एक. रात्री प्रत्यक्षात किती असतात ते मी लिहीत नाही, नातेवाइकांनी स्वतः मोजावं. गळ्यातला कफ वेळेवर ओढला नाही, तोंड साफ केलं नाही, डोकं वर ठेवलं नाही की मशीनमुळंच न्यूमोनिया होतो. डोक्यातून सावरत आलेली पोरं न्यूमोनियानं गेलेली मी बघितलीत. डॉक्टर, तुमच्या तीन दिवसांत हे काम कोण करणार, तेही लिहा.

आणि घरी नेणाऱ्यांनो, नळी काढल्यावर गाडीत काय होतं ते तुम्हाला कुणी सांगत नाही. माणूस शांत जातो असं नाही. घुसमटतो. न्यायचंच ठरलं असेल तर त्रास कमी करायचं औषध मागा. तो त्याचा हक्क आहे.

देगलूर_नाका

आमच्या पाव्हण्याला 'ब्रेन डेड' सांगितलं, तरी मशीन बंद केली नाही. काढा म्हटलं तर म्हणायलेत कायद्यात बसत नाही. मेलेल्या माणसाचं बिल भरलं आम्ही. बोला आता.

खंडपीठाजवळचा

मी वकिली करतो. इथं तीन वेगळ्या अवस्था एकत्र होत आहेत.

कोमात माणूस बेशुद्ध असतो, पण मेंदू जिवंत असतो. गेवराईच्या दादांच्या भावाचे डोळे उघडतात, श्वास स्वतःचा चालतो, भान मात्र नाही. ही दुसरी अवस्था. ब्रेन डेड म्हणजे मेंदूचा बुंधाच मेला, श्वासाची प्रेरणाही उरली नाही. तिथून कुणी परत येत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ आणि किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी सांगितली आहे. देगलूरच्या भाऊंनी आधी विचारायला हवं होतं की या दोन्ही तपासण्या झाल्या का, कागद कुठे आहे. 'ब्रेन डेड' हे शब्द अनेकदा तपासणीशिवाय, नुसत्या अंदाजानं वापरले जातात.

पण त्यांची तक्रार रास्त आहे. ही व्याख्या अवयवदानाच्या कायद्यात आहे. घरच्यांनी दानाला नकार दिला की मशीन बंद करायला डॉक्टर बिचकतात. केरळनं २०२० मध्ये याबाबत स्पष्ट सूचना काढल्या. आपल्या राज्यानंही तशाच काढाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

बाकी पेशंटांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा ९ मार्च २०१८ चा निकाल आहे. बरं होण्याची आशा नसेल तर उपचार थांबवता येतात. २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली: दवाखान्याचं तीन डॉक्टरांचं पहिलं मंडळ, तिघांचंच दुसरं, आणि मत शक्यतो ४८ तासांत. म्हणजे चोरून, अपराध्यासारखी सही करून नेण्याची गरज नाही. रीतसर मागणी करता येते. मराठवाड्यात किती दवाखाने अशी मंडळं बसवतात, हा प्रश्न आपण सगळ्यांनी मिळून विचारायला पाहिजे.

बालाघाट_भूलतज्ज्ञ

सिस्टर, तुमचा प्रश्न टाळत नाही. हात नसतील तर मशीन धोकादायक आहे, खरं आहे. पण म्हणून पेशंटला मशीनवरून काढणं हा त्यावरचा उपाय नाही. नातेवाइकांनी गर्दी करून काचेपाशी उभं राहण्यापेक्षा रात्री किती सिस्टर आहेत हे लेखी विचारलं तर आमच्यासारख्यांनाही वर बोलायला जोर येतो.

१०८ वाल्या मित्रा, रस्त्यात काय झालं ते पेशंटच्या कागदावर लिहिलेलंच नसतं. ऑक्सिजन किती पडला होता, दाब किती होता, काही नाही. म्हणूनच मी पहिल्या दिवशी अंदाज बांधत नाही. वाईट वाटलेला पेशंट उठतो, आणि चांगला वाटलेला जातो. पैशाबद्दल म्हणाल तर २०२५ ची अपघातग्रस्तांसाठीची रोकडरहित योजना आहे, दीड लाखापर्यंत. महात्मा फुले योजनेची मर्यादाही आता कुटुंबाला ५ लाख आहे. पहिल्या तासातच त्या टेबलावर जा.

गेवराईचा

दीड लाख, पण सात दिवसांपुरते. तुम्हीच वर लिहिलं की गळ्याचं भोक आठवड्या-दहा दिवसांनी. म्हणजे पेशंट वाचणार की पडून राहणार हे कळायच्या सुमारास ती योजना संपती. अन् फुले योजना दवाखान्यातल्या उपचाराची. घरी आल्यावर कफ ओढायचं मशीन, व्यायाम करून घेणारा माणूस, पाठीला जखमा झाल्या तर ड्रेसिंग, हे कोणत्या टेबलावर मिळतं? आमच्या तालुक्यात फिजिओथेरपीवाला आठवड्यातून एकदा येतो, तोही खासगी.

तीन दिवस थांबायची गोष्ट मी मान्य करतो. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी काढून नेला असता तर मला आजही झोप लागली नसती. पण चौथ्या दिवशी घरच्यांना खुर्चीवर बसवून, गुंगीचं औषध कमी करून केलेली तपासणी अन् सीटी दाखवून, तिन्ही शक्यता सांगा: उठंल, अपंग राहील, भान न येता पडून राहील. कागदावर, मराठीत, पुढच्या महिन्याच्या खर्चासकट. तोपर्यंत गावातल्या जाणत्याला दोष देऊ नका. तो बोलतो, कारण आतून बाहेर येऊन बोलणारं कुणी नसतं.

सिस्टर_रात्रपाळी

त्या चौथ्या दिवशी घरातल्या बाईलाही बसवा. पुढची वर्षं तिच्या हातानं जाणार असतात आणि सहीच्या वेळी तिला बाहेर थांब म्हणतात.