यूव्ही फिल्टरवर भिस्त नको

पेंटबॉलचे (रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ) फोटो काढताना चांगला यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवायची पातळ काच, लावला की लेन्सची काळजी मिटली, असं म्हणतात. धुळीपुरतं ठीक, पेंटबॉलला नाही. .68 कॅलिबरची (0.68 इंच व्यासाची) गोळी साधारण 3 ग्रॅमची, आणि सेकंदाला 300 फूट ही नेहमीची वेगमर्यादा. जवळून बसली तर फिल्टरची पातळ काच फुटते, तुकडे पुढच्या भिंगावर घासतात, शिवाय रिंग वाकून आट्यांत अडकते ती वेगळीच. त्यापेक्षा हूडच्या (लेन्सपुढे लावायच्या नळकांड्याच्या) तोंडावर 3 मिमी पारदर्शक पॉलीकार्बोनेट प्लास्टिकची चकती गॅफर टेपने (कापडी चिकटपट्टीने) कडेकडेने बंद करून बसवा. हूड गोल हवा, पाकळ्यांचा नको, फटी राहतात. अ‍ॅक्रिलिक तडकतं. चकतीवर थेट ऊन आलं की काँट्रास्ट पार मरतो, तेव्हा सूर्य पाठीशी ठेवा. शार्पनेस थोडा जातोच, चालवून घ्यायचं.

आता रंगाबद्दल. गोळीच्या आत बहुतेक पॉलीइथिलीन ग्लायकॉल असतं. पाण्यात विरघळतं, पण आपणहून धड वाळत नाही; कॅमेऱ्याच्या डायलच्या फटीत गेलं की चिकट होऊन बसतं. आधी फुटलेल्या गोळीच्या जिलेटिनच्या सालपटी टिपून काढा, मगच ओलसर मायक्रोफायबरने पुसा. थिनर बिलकुल नको. आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावायला मास्क वर करायचा नाही, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र) त्यासाठीच आहे.