शांत बोलणारा नेता लगेच का पटतो?

काल दोन नेत्यांची डिबेट बघत होतो, एकाचा आवाज चढत चाललेला, दुसरा पाण्याचा घोट घेऊन सावकाश बोलला आणि मला तोच पटला. आज आठवायला गेलो तर त्याचा एकही मुद्दा आठवेना. तुमचं होतं का असं?

— होतं की. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची, केनेडी-निक्सनची १९६० ची टीव्ही डिबेट बघा, निक्सन नुकतेच हॉस्पिटलमधून आलेले, गुडघ्याच्या इन्फेक्शनने वजन उतरलेलं, कपाळावर, हनुवटीवर घाम, आणि केनेडी थेट कॅमेऱ्यात बघत निवांत बोलतायत. लोकांच्या लक्षात घामच राहिला!

— पण शांतपणा म्हणजे नुसता देखावा असं नाही हां. मार्च १९३३ मध्ये बँका बंद, लोक हवालदिल, तेव्हा अमेरिकेचे नवे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी रेडिओवरून बँक तुमच्या पैशाचं नेमकं काय करते ते घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, आणि बँका उघडल्यावर लोक पैसे परत भरायला आले. धीर होता, सोबत माहितीही होती.

— उलटंही होतं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस यांना डिबेटमध्ये विचारलं, तुमच्या बायकोवर बलात्कार करून खून झाला तर गुन्हेगाराला फाशी द्याल का? ते जराही न हलता धोरण सांगत बसले. लोकांना तो थंडपणा खटकला. माझ्या मते प्रश्नच क्रूर होता, पण तिथे माणूस हललेला दिसायला हवा होता.

— रूझवेल्टचं उदाहरण पटलं. कालची डिबेट आज आवाज बंद करून, नुसती सबटायटल वाचून परत बघतो.