जुन्या माईकला बसणारी पिन कुठे मिळेल? तातडीने हवी आहे

चाफ्याखाली:
कोणीतरी लवकर सांगा. आजोबांचा माईक माळ्यावर सापडला, जड, चकाकणारा, पुढे उभ्या पट्ट्यांची जाळी. वायर उंदरांनी खाल्लीय आणि पिन (वायरच्या टोकाचा प्लग) हरवलीय. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ सगळी दुकानं पालथी घातली, जो तो म्हणतो नवीन घ्या. नवीन नकोय. आजोबा याच माईकवर भजन म्हणायचे आणि चतुर्थीत आमच्या वाडीत डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) आहे, निदान पहिला गजर यावर व्हायला हवा. वायर कुठे मिळेल?

वाशिष्ठीकाठ:
कंपनी कुठली? पिना किती? आटे फिरवून बसते की नुसती खोचायची? आणि लावणार कशाला, मिक्सर की साधा अँप्लिफायर? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

मंडपवाला:
२२ वर्षं साऊंडचं काम करतोय. भरल्या मंडपात माईक बंद पडला तर बुवा माझ्याकडे बघतात, आजोबांच्या फोटोकडे नाही. दोन चांगले वायरलेस घ्या आणि हा शोकेसमध्ये ठेवा.

खाडयेपलीकडलो:
आजोबांचो माईक आसा मा, मग शोकेस कित्याक? फक्त दुरुस्तीक कोणाकडे देव नको. आमचो असोच एक दिल्लो, तो परत गावलोच नाय. आणि जाळी चिंचेन घासू नको, पॉलिश जातला.

चाफ्याखाली:
घासायचं विचारलंच नाहीये मी. शुअर लिहिलंय, पुढे ५५ दिसतं, बाकी पुसट. चार पिना, बाहेरून आटे, मागे एल एम एच असा छोटा खटका. मंडळाचा अहुजा अँप आहे, पाव इंची जॅकवाला.

रोधक४७:
आधीच लिहायचं ना हे. हा शुअरचा युनिडाईन. मूळ मोठा ५५ १९३९ मध्ये आला, लहान ५५एस १९५१ मध्ये. तुला अँफेनॉल कंपनीचा एमसी४एफ प्लग शोधायचाय. त्याचे आटे ५/८ इंच, इंचाला २७, म्हणजे माईक स्टँडचेच. म्हणून स्टँडची क्लिप काढ, आतली पितळी रिंग असेल तर तीही काढ आणि क्लिप हलक्या हाताने माईकच्या आट्यांवर फिरवून बघ, दोन आटे नीट बसले तर माप नक्की. बाजारात १६ मिमीचे चार पिनी एव्हिएशन प्लग (आट्यांचे गोल धातूचे प्लग) मिळतात, दिसायला तसेच (५/८ इंच म्हणजे १५.८८ मिमी), पण माईकला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. एच म्हणजे हाय इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध जास्त), तो पाव इंची जॅकसाठी, तिथे वायर २० फुटांच्या आतच ठेव, नाहीतर वरचे सूर मरतात, झांजा पोत्यात गुंडाळल्यासारख्या ऐकू येतील.

मंडपवाला:
इथे चुकताय. हल्लीच्या बऱ्याच पीए (सभा-मंडपाच्या) अँपमध्ये पाव इंची जॅकमागेही लो इम्पीडन्सच असतं. खटका आधी एमवर, म्हणजे मधल्यावर ठेवा, मग वायर १०० फूट असली तरी चालते. आणि प्लग नाही मिळाला तर मागचा सॉकेट काढून एक्सएलआर (हल्लीच्या माईकचा तीन पिनी सॉकेट) बसवा, अर्ध्या तासाचं काम.

रोधक४७:
इम्पीडन्सचं मान्य, अँपचं मॅन्युअल बघायला हवं. पण एक्सएलआरसाठी ड्रिल मारायला कृपा करून सांगू नका, एकदा भोक पडलं की पडलं. त्यापेक्षा सॉकेट न तोडता काढून डबीत ठेव आणि आतून वीतभर वायर बाहेर घे, तिच्या टोकाला एक्सएलआर. उद्या प्लग मिळाला की होतं तसं परत. आधी मल्टीमीटर लाव, बॉडीशी जुळते ती अर्थ, उरलेल्यांत ज्या दोन पिनांत रीडिंग येईल त्या सिग्नलच्या. पिनांवर हिरवं चढलं असेल, आपल्याकडे खारी हवा, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लाव, पॉलिशपेपर नको, मुलामा जाईल.

देवबाग:
समोर बुवा कोण आहेत? तारीख कळवा, येतो.

वाशिष्ठीकाठ:
धागा माईकचा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) कोणी नातेवाईक असतील तर माईकच हातात देऊन पाठवा, फोनवर पिनांचं वर्णन सांगून काही होत नाही, मी दोनदा चुकीचा माल आणलाय.

चाफ्याखाली:
क्लिपचे दोन आटे बसले! दोन पिनांत रीडिंग आलं, आणि मीटरचं टोक लावलं तसा जाळीतून बारीक टक् आवाज आला, बाबा शेजारी होते, त्यांनीही ऐकला. मामेभाऊ शनिवारी कोकणकन्याने मुंबईला निघतोय, त्याच्याकडे देतो. पावसात नेताना कशात बांधू?